परात अंगणात

आमच्या शेडला रस्त्याच्या बाजूनं खिडकी नाही. तलासरीहून आत वळलेला रस्ता आमच्या बागेला घासून डहाणूकडे जातो, आणि त्या रस्त्यानं जाणाऱ्याला आमची फक्त एक लांबलचक, चुना लावलेली आंधळी भिंत दिसते. नवखा माणूस म्हणतो, चिकूचं गोदाम असेल. त्याचं चुकत नाही. सोमवार ते शनिवार आम्ही तिथं चिकू धुतो, निवडतो, क्रेट भरतो. रविवारी ते क्रेट भिंतीला रचून ठेवतो, बाकं मांडतो आणि प्रार्थना करतो. खिडकी आहे ती मागे, विहिरीकडे, आणि तीही हातभर. एप्रिल-मेमध्ये आत तासभर बसलं की बंद खोलीत पिकायला ठेवलेल्या चिकूसारखी माणसाची गत होते.

ही भिंत लहानपणापासून माझ्या डोक्यात जाते. आता मी बेचाळीस वर्षांची आहे, बाग मी बघते, टेम्पो मी चालवते, डहाणूच्या व्यापाऱ्याशी गुजरातीत हुज्जत मी घालते. तरी त्या भिंतीसमोरून जाताना रोज माझं तोंड कडू होतं.

आम्ही मेनोनाइट. हे सांगितलं की लोक पुन्हा विचारतात, आणि मी म्हणते, ख्रिस्तीच, पण जरा वेगळे. ख्रिस्ती म्हटल्यावर लोकांना मोठं चर्च आठवतं, घंटा, रोषणाई. आमच्यात त्यातलं काही नाही. आम्ही हत्यार उचलत नाही, शपथ घेत नाही. बाळाला बाप्तिस्मा देत नाही; माणूस कळता झाला की त्यानं स्वतः मागायचा. मी अजून मागितलेला नाही, त्यामुळे हिशेबानं मी मंडळीची सभासद नाही. बाबा मंडळीचे वडील, म्हणजे तिचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक, आणि त्यांची पोर बाकावर पाहुण्यासारखी. यावरून बाबांनी मला एकदाही टोचलेलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येत आलाय.

आजोबा छत्तीसगडकडून इथं आले ते चिकूची कलमं बांधायला. रायणीच्या रोपावर चिकूची फांदी बांधण्यात त्यांचा हात बसलेला होता. त्यांच्यामागून आणखी तीन कुटुंबं आली. बागमालकानं त्यांना उतारावरची खडकाळ जागा दिली, आणि गावानं एक कागद दिला. त्या कागदावर अंगठे आहेत, सह्या आहेत, पंचायतीचा शिक्का आहे. त्यात लिहिलंय की या चार घरांना गावात राहू द्यावं, बंधाऱ्याच्या पाण्यात त्यांची पाळी असावी, आणि त्यांची गेलेली माणसं त्यांनी आपल्याच जागेच्या कोपऱ्यात पुरावीत. पुढे अटी. घंटा नको, पाटी नको, रस्त्याकडे खिडकी नको, धर्माचं जे काही असेल ते चार भिंतींच्या आत, आणि गावातलं माणूस आपल्यात बोलवायचं नाही.

बाबा सांगत की काही शतकांपूर्वी युरोपात आपल्या लोकांना राजेलोकसुद्धा असंच अटींवर राहू द्यायचे. शेती चांगली करतात, दंगा करत नाहीत, तर राहू द्या. पण प्रार्थनाघर बाहेरून घरासारखं दिसलं पाहिजे. हे ते अभिमानानं सांगत. त्यात अभिमान कसला, हे मला कधी कळलं नाही. शाळेत असताना मी एकदा म्हटलंही, "आपण काय चोर आहोत का, लपून बसायला?"

"राहू दिलं ना," बाबा म्हणाले.

"राहू दिलं म्हणजे काय? आपण राहतोच आहोत की."

बाबा हसले आणि विळा घेऊन गवत कापायला गेले. भांडण सोडून गवत कापायला जाणं ही त्यांची जुनी खोड.

दर वर्षी पावसाआधी ग्रामसभा भरते. बंधारा कोणी साफ करायचा, कोणाची आवणी कोणत्या दिवशी, हे तिथं ठरतं. आमच्याकडे आवणी म्हणजे भाताची लावणी कोणी एकटं करत नाही. आज माझ्या शेतात सगळे, उद्या तुझ्या. हे ठरवून झालं की शेवटी आमचा कागद वाचतात. बाबा उठतात, टोपी काढतात आणि एकच शब्द बोलतात, "मान्य." मग गाव पुढच्या कामाला लागतं. आजोबांनंतर चाळीसेक वर्षं बाबा हा शब्द बोलत आले. त्या वेळी मी बायकांच्या घोळक्यात मागे बसून चटईच्या काड्या उपटत असते.

एक मात्र कबूल करायला हवं. गावाला बाबांचं वेड होतं. बांधावरून वाद झाला की दोन्हीकडची माणसं देवाची शपथ घेतात, तांदूळ हातात धरतात, आणि तरी शेवटी कोणीतरी म्हणतं, काकांना बोलवा. बाबा शपथ घेत नाहीत. ते फक्त सांगतात, बांध इथं होता. आणि बांध तिथंच धरला जातो. म्हातारा खोटं बोलत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक. एकदा आमच्या शेळीनं शेजारच्या नाचणीचा पार फडशा पाडला. ते शेताच्या मालकाच्या लक्षातही आलं नव्हतं. बाबा स्वतः जाऊन सांगून आले, वर शेळी दाखवायला घेऊन गेले. शेळीनं तिथं उरलेली नाचणीही खाल्ली. आई तेव्हा हयात होती. तिनं दोन दिवस बाबांशी अबोला धरला.

असं हे आमचं घर. भजनं हिंदीत, भांडण मराठीत, आणि खोटं कुठल्याच भाषेत नाही.

ओढ्यापलीकडच्या पाड्यावर एक विधवा बाई राहते. मी तिला मावशी म्हणते. पोटी मूल नाही, सासरचं कोणी उरलं नाही, थोडी भातशेती आहे. बरीच वर्षं ती आमच्याकडे चिकू निवडायला येते. तिच्या हाताला नजर आहे. फळ न दाबता, नुसतं तळव्यावर घेऊन ती सांगते की हे उद्या पिकेल आणि हे परवा.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी ती सोमवार समजून आली. आत गाणं चालू होतं. आमच्यात पेटी नाही, तबला नाही. बायका एका सुरात, पुरुष खालच्या, आणि कोणी मधला सूर धरतं. ती दाराबाहेर क्रेट उपडा घालून बसली आणि गाणं संपल्यावर उठून गेली. पुढच्या रविवारी पुन्हा आली. कोणी तिला बोलावलं नाही, कोणी आत ये म्हटलं नाही, कारण कागद. ती आपली दारात बसायची. घरी तिचे देव होते, त्यांचं सगळं ती करत होती. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "देवाचा देवाला. माना गाणं बरं वाटतं. घरात कोण गातंय?"

मला त्या उपड्या क्रेटवरची मावशी फार आवडायची. आमच्या मंडळीत कुठलीही अट न पाळता बसलेली ती आणि मी, अशा दोघीच होतो.

गेल्या वर्षीच्या ग्रामसभेला सरपंच नवा होता. चांगला शिकलेला, नम्र. बाबांच्या पाया पडून खुर्ची देणारा. त्यानं कागद वाचला. शेवटची अट वाचून तो थांबला आणि म्हणाला, "काका, सहज विचारतो. आपल्या गावातलं कोणी येतं का तुमच्याकडे रविवारी?"

बाबा उभेच होते. म्हणाले, "येते."

"कोण?"

आणि बाबांनी नाव सांगितलं. पूर्ण नाव, पाड्यासकट.

मावशी माझ्या शेजारी बसली होती, त्याच चटईवर. तिनं फक्त पदर ओढून घेतला, आणि आमच्या दोघींच्या आजूबाजूची चटई हळूहळू रिकामी होत गेली. बायका उठून दुसरीकडे बसत होत्या. त्यातल्या एकीबरोबर मावशीनं आदल्याच आठवड्यात लोणच्याच्या कैऱ्या फोडल्या होत्या.

निकाल लगेच लागला. यंदा तिच्या आवणीला कोणी जाणार नाही आणि तिला कोणी बोलावणार नाही. आमचा कागद पुढच्या सभेपर्यंत लांबणीवर. तोवर बाबांनी लिहून द्यायचं की या बाईला दार बंद आहे. नाही दिलं तर बंधाऱ्याची पाळी बंद. सरपंच अजूनही नम्रच होता. "तुम्हालाही त्रास नको, आम्हालाही नको," म्हणाला.

घरी येईपर्यंत मी दात आवळून टेम्पो चालवला. ओट्यावर पाय ठेवल्या ठेवल्या सुटले. "गप्प बसता आलं नसतं?"

"विचारलं त्यानं," बाबा म्हणाले.

"खोटं बोला असं मी म्हणतच नाही. गप्प. तोंड बंद. देवानं त्याची परवानगी दिलीय ना?"

बाबा विळा शोधू लागले. मी विळा उचलून पाठीमागे धरला. म्हटलं, आज गवत नाही. आज उत्तर द्या.

ते रिकाम्या हातांनी ओट्याच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "मला वाटलं, खरं सांगितलं की आपण सुटतो."

"तुम्ही सुटलात," मी म्हटलं. "ती अडकली."

हे मी बोलायला नको होतं असं नंतर कधीच वाटलं नाही. बाबांचा चेहरा बघून वाईट वाटलं, ती गोष्ट वेगळी.

मावशी यायची थांबली. रविवारी नाही, आणि कामालाही नाही. जुलै लागला, सगळीकडे आवण्या सुरू झाल्या. तिच्या वाफ्यातली रोपं लावायच्या वयाची होऊन पुढे गेली, वीतभर जास्त वाढली, शेंडे पिवळे पडू लागले. तिच्या बांधावरून लोक दुसऱ्यांच्या शेतात जात-येत होते, हसत-बोलत, आणि ती एकटी वाकून लावत होती.

मी गेले. साडी खोचून चिखलात उतरले. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "तू नको येऊस. तुमचा पाणी तोडतील."

"तोडू देत."

"तुला लावताही येत नाय," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. मी बागेतली, झाड लावायला सांगा, रोपं नाही. माझ्या ओळी मागून ती पुन्हा सरळ करत होती, म्हणजे मी तिचं काम दुप्पट करत होते. तरी मी चार दिवस गेले. चौथ्या दिवशी ती जरा हसली आणि म्हणाली, तुझ्या ओळी बघून बगळेसुद्धा वाट चुकतील.

त्या शेतातून आम्ही दोघी बाहेर आलो तेव्हा तिच्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या मी पाहिल्या. सगळ्यांनी मिळून तीन दिवसांत संपणारं काम, एकटीनं तीन आठवडे पाण्यात उभं राहून केलं की बोटांमधली कातडी अशीच पांढरी पडून सुटते. मी घरी येऊन बाबांना ते सांगितलं. मुद्दाम सांगितलं. जेवताना सांगितलं.

आमच्यात वर्षातून दोनदा प्रभुभोजन असतं, आणि त्या दिवशी एकमेकांचे पाय धुतात. पुरुष पुरुषांचे, बायका पडद्याआड बायकांचे. त्यासाठी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एक जुनी परात आहे, आजोबांनी आणलेली, काठाला पोचा आलेली. सभासद नसलेल्यानं तिला हात लावायचा नाही. आणि एक नियम आणखी कडक आहे. त्या दिवसाआधी ज्याचं आपण वाईट केलं असेल त्याच्याकडे जाऊन ते मिटवायचं. ते न करता भाकरीला हात लावायचा नाही.

ऑगस्टमधल्या त्या रविवारी सगळे जमले होते. भाकर झाकून ठेवली होती, परात भरली होती. सुरुवात बाबांनी करायची. ते उठले, परातीतलं पाणी त्यांनी मागच्या खिडकीतून ओतून दिलं, आणि रिकामी परात काखेला मारून दाराकडे निघाले.

मंडळीचे दुसरे वडील, बाबांच्याच वयाचे, त्यांच्या आडवे आले. "कुठे?"

"मिटवायला."

"माफी तोंडानं मागता येते. परात बाहेर न्यायची नाही, कागदात आहे. आणि बाईचे पाय?" ते रागावले नव्हते, घाबरले होते. "आपल्यातही असं नाही, त्यांच्यातही नाही. उद्या पाणी बंद झालं तर चारही घरं मरतील."

"तोंडानंच तर बिघडवलंय मी," बाबा म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहुण्यांच्या बाकावर बसले होते. "तू पाणी घे," म्हणाले.

मी कळशी उचलली, खुंटीवरचा टॉवेल खांद्यावर टाकला आणि त्या दारातून बाहेर पडले. आयुष्यात पहिल्यांदा मला तिथून बाहेर पडताना मान ताठ ठेवावीशी वाटली. मागून कोणीच आलं नाही.

रस्त्यानं पाड्यापर्यंत दहा मिनिटं. बाबांच्या चालीनं वीस. ऊन पडलं होतं, रविवार असल्यामुळे माणसं घरी होती, आणि काखेत परात घेतलेला म्हातारा व मागे कळशी घेतलेली मी, हे बघायला ओट्यांवर सगळे उभे राहिले. एकानं विचारलं, काका कुठे? बाबांनी नेहमीसारखं खरं सांगितलं. तो माणूस चपला घालून मागे निघाला. पाड्यात पोचेपर्यंत आमच्यामागे निम्मं गाव होतं.

मावशी अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. बाबांनी तिच्यासमोर परात ठेवली आणि गुडघे टेकायला सुरुवात केली. त्यांचे गुडघे गेलेत. आधी एक हात जमिनीला, मग एक गुडघा, मग जरा थांबून दुसरा. मी धरायला गेले तर त्यांनी कोपरानं मला बाजूला केलं.

"काका, उठा," मावशी म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत. बाय, मी सभेत तुझं नाव घेतलं. ते खरं होतं. पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता, तुझा होता. माझं चुकलं."

मावशीनं सूप खाली ठेवलं. "तुम्ही मोठे. माझ्या पायाला कसा हात लावता?"

"आमच्यात असंच असतं. आजपर्यंत भिंतीआड करत होतो, एवढंच."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी कळशी कमरेवर सरळ केली. बोलले असते तर रडले असते, आणि त्या गर्दीसमोर मला रडायचं नव्हतं. शेवटी तिनं एक पाय परातीत ठेवला, मग दुसरा. मी वरून पाणी सोडलं. बाबांनी बोटं एकेक करून धुतली, चिखल्यांना धक्का न लावता, चिकूचा देठ जपावा तशी. पाणी मातकट झालं. मग ते टॉवेलनं टिपत राहिले, पुसलं नाही, टिपलं. 

सरपंच आला तेव्हा बाबा दुसरा पाय टिपत होते. तो गर्दीतून पुढे आला आणि हळूच म्हणाला, "काका, तुम्हीच असं केल्यावर? कागदात काय लिहिलंय?"

बाबांनी गुडघ्यावरूनच चार भिंतींची ती अट म्हणून दाखवली, शब्दन् शब्द. चाळीस वर्षं ऐकलेली. "मी ती मोडली," ते म्हणाले. "लिहून घे. भरदिवसा, उघड्या अंगणात पाय धुतले, असं लिही. माझं नाव लिही, पूर्ण."

"मी तसं कशाला करू, काका? तुम्ही फक्त ते दार बंद असल्याचं लिहून द्या, विषय मिटला."

बाबांनी माझा हात धरला आणि उठले. टोपी डोक्यावरच ठेवली.

"अमान्य," ते म्हणाले.

हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मला वाटतं, त्यांनीही नव्हता. सरपंच पुढे काही बोलला असेल, मला आठवत नाही. मला आठवतं ते हे की मावशीनं बाबांना दारातल्या पाटावर बसवलं, माझ्या हातातून कळशी घेतली आणि म्हणाली, "आता तुमचे. एकाचेच धुवायचे असतात का?"

बंधाऱ्याची आमची पाळी गेली. विहिरीवर जेवढी झाडं जगतील तेवढी जगवतोय. दुसरे वडील बाबांशी महिनाभर बोलले नाहीत. नंतर बोलू लागले, कारण चार घरांत अबोला परवडत नाही. मावशीच्या भाताच्या कापणीला पाड्यावरच्या दोन बायका आल्या. दोनच, पण आल्या. त्यातली एक कैऱ्या फोडणारी होती.

आणि पुढच्याच रविवारी मावशी रस्त्यानं, सगळ्यांदेखत, आमच्याकडे आली. दारातला क्रेट तिनं पायानं बाजूला सरकवला आणि आत येऊन बाकावर बसली, माझ्या शेजारी, पाहुण्यांच्या.

त्यानंतर गावानं एका माणसाला काम दिलं: रविवारी रस्त्यावर उभं राहून आमच्याकडे कोण येतं ते बघायचं. बिचारा उन्हात आंब्याखाली उभा राहायचा. मी त्याला आत बोलावलं नाही, तशी अट आहे. खुर्ची नेऊन दिली. म्हटलं, दार विहिरीकडे आहे आणि समोर नुसती भिंत, तुला इथून दिसतंय तरी काय? तो खजील होऊन म्हणाला, काहीच दिसत नाही, बेन.

सोमवारी मी गवंडी बोलावला. त्यानं रस्त्याकडच्या भिंतीवर खडूनं चौकोन आखला, दोन हात बाय दोन हात, आणि छिन्नी लावली. आवाज ऐकून बाबा काठी टेकत बाहेर आले. मी भांडायच्या तयारीनंच उभी राहिले. चुना उडत होता, आजोबांच्या विटा बाहेर येत होत्या, आणि भिंतीतून आतली बाकं दिसायला लागली होती.

बाबांनी त्या चौकोनाकडे पाहिलं. मग गवंड्याकडून खडू मागून घेतला आणि त्याच्या बाहेरून दुसरा चौकोन काढला, मोठा.